महाराष्ट्र शासनाच्या ऑनलाइन सेवा : दाखले, सातबारा, शासन निर्णय, तक्रार आणि माहिती अधिकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्या सरकारी सेवा एकाच संकेतस्थळावर का मिळत नाहीत?

कागद ज्या कार्यालयाच्या दप्तरात असतो, त्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्यामुळे गूगलवर शोधायला बसण्याआधी एकच गोष्ट ठरवा : मला हवा असलेला कागद देतं कोण? ते कळलं की अर्धं काम झालं.

उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेयर, अल्पभूधारक हे दाखले तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी देतात. त्यांचे अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर करायचे. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), मिळकत पत्रिका आणि गावनकाशा महसूल व भूमी अभिलेख खात्याच्या 'महाभूमी'वर मिळतात. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार, सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि रेडी रेकनरचे (मिळकतीच्या सरकारी मूल्याचे) दर नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. शिष्यवृत्ती आणि शेतीच्या अनुदानाच्या योजना 'महाडीबीटी'वर. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी आणि पाणीपट्टी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे. ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचं काम राज्याचं आरटीओ करत असलं, तरी अर्ज केंद्राच्या 'परिवहन' पोर्टलवर भरावा लागतो. इथे बरेच जण चुकतात आणि राज्याच्या पोर्टलवर लायसन्स शोधत बसतात.

संकेतस्थळ खरं की बनावट, हे कसं ओळखायचं?

पत्ता नीट वाचा. पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी जे शेवटचे तुकडे असतात तेच महत्त्वाचे. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असेल, तर संकेतस्थळ सरकारी आहे. बनावट पत्त्यात 'महाराष्ट्र', 'गव्ह', 'योजना' हे शब्द सुरुवातीला किंवा मध्ये घुसवलेले असतात आणि शेवट 'डॉट कॉम', 'डॉट ऑनलाइन' किंवा 'डॉट को डॉट इन' असा होतो. थोडे अपवाद आहेत. महावितरणचं संकेतस्थळ नुसत्या 'डॉट इन'वर आहे. अशा वेळी वीजबिलावर छापलेला पत्ता पाहून टाइप करावा.

गूगलवर सगळ्यात वर जे दिसतं ती पुष्कळदा जाहिरात असते. तिच्यावर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नवी योजना जाहीर झाली, की पहिल्या आठवड्यातच तिच्या नावाची दहा-बारा पानं उभी राहतात आणि आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'एपीके' (अ‍ॅप थेट बसवणारी) फाइल तर कोणत्याही योजनेच्या नावाने आली तरी उघडू नका. अ‍ॅप लागलंच, तर प्ले स्टोअरवर जाऊन ते प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव पाहा आणि मगच घ्या.

'आपले सरकार'वर खातं उघडलं, पण लॉगिन होत नाही. काय चुकतंय?

खातं दोन पद्धतींनी उघडता येतं. एकात मोबाइलवर ओटीपी येतो. दुसऱ्यात फोटो, ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करावा लागतो. घाई असेल तर ओटीपीची पद्धत सोयीची.

लॉगिन करताना नाव, पासवर्ड आणि कॅप्चाखाली जिल्ह्याचा रकाना असतो. तो रिकामा राहिला की पान पुढे सरकत नाही, आणि पासवर्ड चुकला असं समजून लोक तो बदलत बसतात. आधी जिल्हा निवडलाय का ते पाहा.

तक्रार निवारणाचं पोर्टलही 'आपले सरकार' याच नावाने चालतं. त्याचा पत्ता आणि लॉगिन वेगळं आहे. दाखल्यांसाठी उघडलेलं खातं तिथे चालत नाही.

खातं उघडताना स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्या. सेवा केंद्रचालकाचा क्रमांक दिला, तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. अर्जात त्रुटी निघाली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

फोटो आणि कागदपत्रं अपलोडच होत नाहीत. किती आकाराची फाइल लागते?

'आपले सरकार'वर अर्जदाराचा फोटो जेपीजी स्वरूपात, ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल आणि उंची २०० ते २१२ पिक्सेल असा लागतो. कागदपत्रं ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान हवीत.

मोबाइलने काढलेला फोटो ३-४ एमबीचा असतो, म्हणून तो नाकारला जातो. तो लहान करायचा क्रमही महत्त्वाचा. आधी चेहरा आणि खांदे राहतील असा फोटो कापा, मग पिक्सेल बसवा, आणि केबी सगळ्यात शेवटी कमी करा. आधीच केबी कमी केले तर फोटो इतका पुसट होतो की कार्यालय अर्ज परत पाठवतं.

कागदाच्या बाबतीत उलटी अडचणही येते. एकपानी काळापांढरा स्कॅन कधीकधी ४०-५० केबीचाच होतो, आणि ७५च्या खाली असल्यामुळे तोही नाकारला जातो. तेव्हा तोच कागद रंगीत स्कॅन करा किंवा डीपीआय (स्कॅनची बारकाई) वाढवा. साधारण १५० ते २०० डीपीआयला अक्षरं वाचता येतात आणि फाइलही मर्यादेत राहते. रेशनकार्डासारख्या अनेक पानी कागदाची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये जोडा. फक्त पहिलं पान चढवणं हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. कुटुंबातल्या माणसांची नावं आतल्या पानावर असतात आणि तपासणाऱ्याला तीच पाहायची असतात.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी काय लागतं आणि तो किती दिवस चालतो?

ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र. नोकरदाराला फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र. शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. तलाठ्याचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' असं झालं आहे. अर्जात किंवा सूचनांत तो शब्द दिसला तर गोंधळू नका.

दाखला एका वर्षाच्या किंवा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा मिळतो. कोणता हवा हे ज्या कामासाठी घेताय त्या कामाच्या माहितीपत्रकात पाहून अर्जात निवडा. शिष्यवृत्तीला बहुधा एका वर्षाचा चालतो, नॉन-क्रिमीलेयरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. चुकीचा निवडला तर दुरुस्ती होत नाही, नवा अर्जच करावा लागतो.

दाखल्यावर 'वैध ३१ मार्चपर्यंत' असं लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत घेतलेला दाखला जूनच्या प्रवेशाला चालत नाही, तो यामुळे. प्रवेशासाठी हवा असेल तर एप्रिल-मेमध्येच अर्ज करा. दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसीलमध्ये अर्जांचा ढीग साचतो.

एक खर्च टाळता येतो. ९ मार्च २०१५च्या शासन निर्णयानुसार बहुतेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकनाऐवजी स्वतःची सही पुरते. जिथे प्रतिज्ञापत्र लागतंच, तिथेही जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला कोणी सांगितलं, तर तसा लेखी आदेश दाखवा, असं नम्रपणे विचारा.

अधिवासाचा दाखला कोणाला मिळतो?

महाराष्ट्रात किमान १५ वर्षं सलग राहिल्याचा पुरावा देणाऱ्याला. अर्जात याचं नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' असं आहे, त्यामुळे नुसतं 'डोमिसाइल' शोधलं तर यादीत पटकन सापडत नाही. विद्यार्थ्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाइड, आणि राहिल्याची वर्षं दाखवणारी जुनी वीजबिलं किंवा घरपट्टीच्या पावत्या जोडा.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणी हे एकच आहे का?

नाही. तीन वेगळे कागद आहेत आणि तीन वेगळी कामं.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. त्यासाठी ठरावीक तारखेपूर्वी पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात नोंदलेली होती, याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. वडिलांचा शाळेचा दाखला त्या तारखेनंतरचा असेल, तर आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शोधा. जुना पुरावा सहसा शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात, गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत (कोतवाल बुकात), जुन्या फेरफारात किंवा खरेदीखतात सापडतो. हे कागद मोडी लिपीत असतील तर लिप्यंतरही जोडावं लागतं.

नॉन-क्रिमीलेयर म्हणजे आपण मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नाही, असं सांगणारा उत्पन्नाशी जोडलेला कागद. मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये. तो मुदतीचा असतो आणि नव्याने काढावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींना तो लागत नाही.

जात पडताळणी म्हणजे आधी मिळालेला जातीचा दाखला खरा आहे, असं जिल्ह्याच्या समितीने दिलेलं वैधता प्रमाणपत्र. अर्ज बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या) पोर्टलवर होतो, 'आपले सरकार'वर नाही. अनुसूचित जमातींसाठी समित्या आणि अर्जाची वाट वेगळी आहे. काकांचं किंवा सख्ख्या भावाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते वंशावळीसह जरूर जोडा, सगळ्यात वजनदार पुरावा तोच. आणि मुलगा-मुलगी अकरावी-बारावीला असतानाच अर्ज करून टाका. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर अर्ज केला, तर समितीची तारीख आणि प्रवेशाची मुदत जुळत नाही.

अर्ज करून महिना झाला, अजून 'प्रलंबित' दिसतोय. काय करता येईल?

आधी स्थिती नीट वाचा. 'अर्जदाराकडे परत पाठवला' असं असेल तर चेंडू तुमच्या बाजूला आहे. शेरा वाचा, तेवढाच कागद दुरुस्त करून पुन्हा सादर करा. नवा अर्ज करू नका, तो पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.

खरोखरच कार्यालयात अडकला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ तुमच्या मदतीला आहे. अधिसूचित असलेल्या प्रत्येक सेवेला ठरलेली मुदत आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला ती १५ दिवसांची आहे. पोर्टलवर सेवांच्या यादीत प्रत्येक सेवेसमोर मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, पहिलं आणि दुसरं अपील ऐकणारे अधिकारी यांची पदनामं दिलेली असतात. अर्ज भरण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

मुदत संपली किंवा अर्ज नाकारला गेला, की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं. पुरेसं कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत केलेलं अपीलही स्वीकारलं जाऊ शकतं. पहिल्या अपिलाचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसरं अपील. निर्णयच आला नाही, तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवस उलटल्यावर. त्यानंतर ६० दिवसांत महाराष्ट्र राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील. पुरेशा कारणाशिवाय सेवा देण्यात कसूर केली असं ठरलं, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घड्याळ सुरू होतं ते सगळ्या आवश्यक कागदांसह अर्ज मिळाल्यापासून. म्हणून पोचपावती आणि तिच्यावरचा अर्ज क्रमांक जपून ठेवा. तोंडी 'देतो, दोन दिवसांनी या' याला अपिलात काही किंमत नसते. पहिलं अपील दाखल करणं म्हणजे कोणाशी वैर नव्हे, तो कायद्याने दिलेला साधा अर्ज आहे. आणि बरेच दाखले या पायरीवरच निघतात.

पैसे खात्यातून गेले, पण अर्ज भरलेला दिसत नाही.

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. बँकेकडून पोर्टलला उत्तर पोचायला वेळ लागतो. लॉगिन करून व्यवहारांचा इतिहास पाहा. तिथे व्यवहार अपूर्ण दिसत असेल तर बँकेचा व्यवहार क्रमांक आणि अर्ज क्रमांक घेऊन हेल्पलाइनला कळवा : १८०० १२० ८०४०. पैसे भरताना मागे जाण्याचं बटण दाबणं किंवा पान ताजं करणं, हीच या अडचणीची मुख्य कारणं.

सेवा केंद्रात गेलो तर किती पैसे द्यायचे?

पावतीवर छापलेले तेवढेच. केंद्राचं सेवा शुल्क अनेक वर्षं २० रुपये होतं, ते २०२५मध्ये ५० रुपये झालं. त्यावर कर आणि काही सेवांचं शासकीय शुल्क येतं. झेरॉक्स, फोटो, लॅमिनेशन याचे पैसे वेगळे, पण ते दाखल्याचं शुल्क म्हणून घेता येत नाहीत. केंद्रात दरपत्रक लावलेलं असलं पाहिजे. पावती मागितल्याशिवाय निघू नका, पुढे अपील करायचं तर तीच हातात लागते.

सातबारा फुकट दिसतो, मग १५ रुपये कशाचे?

'महाभूलेख'वर दिसणारा सातबारा फक्त पाहण्यासाठी असतो. त्यावर सही नसते, तो बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. 'डिजिटल सातबारा'वर मिळणारा उतारा डिजिटल सहीचा असतो. त्याला १५ रुपये पडतात आणि त्यावर तलाठ्याची सही-शिक्का घ्यावा लागत नाही. तिथे खात्यात आधी पैसे जमा करायचे, मग उतारा काढायचा. काढला की फाइल लगेच स्वतःकडे उतरवून ठेवा. उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. समोरच्याला शंका आली तर तो संकेतस्थळावर टाकून उतारा खरा असल्याची खात्री करता येते. जमीन विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर विसंबू नये, स्वतः १५ रुपये भरून ताजा उतारा काढावा.

गट नंबर टाकला तरी सातबारा सापडत नाही. का?

सगळ्यात आधी महसुली विभाग बरोबर निवडलाय का ते पाहा. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा आहेत. अहिल्यानगर नाशिक विभागात येतं आणि सोलापूर पुणे विभागात, इथे चूक होते.

मग गाव. यादीत महसुली गावाचं नाव असतं. वाडी, वस्ती, तांडा यांची नावं तिथे बहुधा नसतात. तुमची वाडी कोणत्या महसुली गावात मोडते ते जुन्या उताऱ्याच्या डोक्यावर पाहा. एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावं असतील तर दोन्ही तपासा.

गट नंबर '१२५/२/अ' असेल तर शोधताना फक्त १२५ टाका. खाली पोटहिश्श्यांची यादी उघडते, तिथून आपला निवडा. पूर्ण नंबर टाकला तर काहीच सापडत नाही.

नावाने शोधताना देवनागरीत, युनिकोडमध्ये टाइप करा. आधी आडनावानेच शोधा, कारण उताऱ्यात वडिलांचं नाव वेगळ्या पद्धतीने नोंदलेलं असू शकतं. र्‍हस्व-दीर्घ बदलून दोन-तीनदा पाहा. 'पाटिल' आणि 'पाटील' संगणकाला वेगळे वाटतात.

शहरातल्या जागेला सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असू शकते. ती नगर भूमापन क्रमांकाने शोधायची. आणि फ्लॅटचा वेगळा सातबारा नसतो. जमिनीचा उतारा सोसायटीच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असतो, तुमच्या फ्लॅटचा पुरावा म्हणजे नोंदणीकृत करार आणि त्याची सूची २.

सातबाऱ्यावर नाव चुकलंय किंवा नवं नाव लागलं नाही. घरबसल्या होतं का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. मूळ हस्तलिखित उताऱ्यात नाव बरोबर होतं आणि संगणकावर चढवताना चुकलं, तर ती लेखनप्रमाद म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त होते. अर्जासोबत जुना हस्तलिखित उतारा जोडा. त्याच्याशिवाय चूक कुठे झाली ते दाखवता येत नाही.

हक्कच बदलला असेल तर फेरफार लागतो. खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून ई-फेरफार प्रणालीत आपोआप जाते. वारस नोंद, बोजा चढवणं किंवा कमी करणं, मयताचं नाव काढणं यांसाठी 'ई-हक्क' प्रणालीतून स्वतः अर्ज करता येतो. पुढे ग्राम महसूल अधिकारी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे १५ दिवस कोणीही कमी करून देऊ शकत नाही.

फेरफार कोणत्या टप्प्यावर आहे ते 'आपली चावडी' या पानावर गाव निवडून कोणालाही पाहता येतं. ज्यांची जमीन गावाकडे आहे आणि स्वतः शहरात राहतात, त्यांनी हे पान महिन्यातून एकदा उघडून पाहावंच. आपल्या गटावर कोणी नोंद घालत असेल तर हरकतीच्या मुदतीत कळतं. मुदत गेल्यावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करावं लागतं, त्यात वर्षं जातात.

सूची २ कुठे शोधायची?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेवर, विनामूल्य. मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे आणि उरलेल्या महाराष्ट्राचे २००२ पासूनचे तिथे आहेत. मिळकतीच्या तपशिलावरून किंवा दस्त क्रमांकावरून शोधता येतं. मिळकतीवरून शोधताना वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे, गट, नगर भूमापन किंवा प्लॉट यांपैकी एक क्रमांक लागतो. करारात तीन-चार क्रमांक असतील तर प्रत्येकाने वेगळं शोधा, कारण नोंद करताना कोणता टाकला होता ते आधी कळत नाही. नोंद झालेलं वर्ष आणि कराराचं वर्ष वेगळं असू शकतं. डिसेंबरमधला करार पुढच्या वर्षात शोधून पाहा.

भाडेकरार तोंडी किंवा नोटरीवर ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ही नोंदणी ऑनलाइन होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जीआर (शासन निर्णय) खरा आहे का, हे कसं तपासायचं?

शेवटच्या पानावर पाहा. 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक … असा आहे' असं वाक्य असतं. हा संकेतांक १८ अंकी असतो, आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०१८०४१२ने सुरू होणारा संकेतांक १२ एप्रिल २०१८चा. जीआरच्या डोक्यावरची तारीख आणि हे आठ अंक जुळत नसतील, तर तो जपूनच घ्या. सही करणारा संकेतांक काही दिवसांनीही घेऊ शकतो, पण महिन्या-वर्षाचा फरक असेल तर संशयाला जागा आहे. मग शासन निर्णयांच्या पानावर तोच संकेतांक टाका. खरा असेल तर थेट पीडीएफ उघडते.

संकेतांक नसेल तर विभाग निवडा, तारखेची मर्यादा द्या आणि शीर्षकातला एखादाच ठळक शब्द टाका. अख्खं वाक्य टाकू नका. शोध शीर्षकात होतो, आतल्या मजकुरात नाही. त्यामुळे 'सानुग्रह' हा शब्द आत दहा वेळा असला आणि शीर्षकात नसला, तर तो जीआर सापडणार नाही. विभागही नीट ठरवा. शिक्षकांच्या पगाराचा निर्णय शालेय शिक्षण विभागात असतो, महागाई भत्त्याचा वित्त विभागात.

जीआर सापडला तरी काम संपत नाही. नंतर शुद्धिपत्रक किंवा सुधारित निर्णय निघाला असेल, तर जुना दाखवून उपयोग नाही. नव्या निर्णयाच्या सुरुवातीला 'वाचा' या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. त्या यादीवरून मागे जाता येतं.

दाखला उघडला तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. दाखला खोटा आहे का?

नाही. तुमच्या संगणकातलं पीडीएफ वाचक त्या सहीच्या प्रमाणपत्राला अजून ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर उजवी क्लिक करा, सहीचे गुणधर्म उघडा, प्रमाणपत्र पाहा, विश्वासार्ह यादीत टाका आणि सही पुन्हा तपासा. हिरवी खूण येते. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये हे होत नाही, संगणकच लागतो. छापील प्रत द्यायची असेल तर तपासणारा दाखल्यावरचा क्रमांक पोर्टलवर टाकून पडताळू शकतो. मूळ पीडीएफ फाइल मात्र जपून ठेवा. छापून पुन्हा स्कॅन केलेल्या प्रतीत डिजिटल सही उरत नाही.

महाडीबीटीचा अर्ज मंजूर झाला, पैसे आले नाहीत. आधार तर बँकेला लिंक आहे.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे लिंक झालं, असं नाही. पैसे आधार क्रमांकावर येतात, आणि तो क्रमांक एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) नोंदीत एका वेळी एकाच बँकेशी जोडलेला असतो. दोन-तीन खाती असतील तर सगळ्यात शेवटी जिथे जोडणी झाली तिथे पैसे जातात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्थिती' पाहा. तिथे बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, हे दिसतं. बंद असेल तर बँकेत जाऊन 'आधार सीडिंग'चा फॉर्म भरा. शाखेत बोलताना 'लिंक' न म्हणता 'सीडिंग' असंच म्हणा, म्हणजे योग्य फॉर्म मिळतो.

शिष्यवृत्तीचे अर्ज आणखी एका जागी अडकतात : कॉलेजच्या लॉगिनमध्ये. तुम्ही अर्ज सादर केला तरी कॉलेजने तो तपासून पुढे पाठवावा लागतो. स्थितीत 'संस्था स्तर' दिसत असेल तर समाजकल्याण कार्यालयात खेपा घालू नका, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा. शेतीच्या योजनांना आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो नसेल तर अर्जाच्या आधी तो काढून घ्या.

जन्माचा दाखला कुठे मागायचा?

बाळ जिथे जन्मलं तिथल्या स्थानिक संस्थेकडे, तुम्ही राहता तिथे नाही. राहायला गावात आणि बाळंतपण शहरातल्या दवाखान्यात, तर दाखला महापालिकेचा. नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. नाव ठरलं नसलं तरी नोंद करून घ्या, बाळाचं नाव नंतर १५ वर्षांपर्यंत घालता येतं.

एफआयआरची प्रत ऑनलाइन मिळते का?

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख निवडून उतरवता येते. लैंगिक गुन्हे, बालकांविरुद्धचे गुन्हे अशा संवेदनशील प्रकरणांची प्रत टाकली जात नाही. याच पोर्टलवर केलेली ई-तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. दखलपात्र गुन्हा असेल तर ठाण्यात जाऊन फिर्याद द्या.

तक्रार करावी की माहिती अधिकाराचा अर्ज?

काम करून हवं असेल तर तक्रार, कागद हवा असेल तर माहिती अधिकार. 'आपले सरकार' तक्रार निवारण पोर्टलवर एका तक्रारीत एकच विषय लिहा, आधीच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख द्या, पुरावा जोडा. तक्रारीच्या निराकरणासाठी २१ दिवसांची मुदत आहे. न्यायप्रविष्ट बाबी, माहिती अधिकाराचे विषय आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या तक्रारी तिथे घेतल्या जात नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर करायचा. केंद्राचं पोर्टल वेगळं आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'माझा दाखला का दिला नाही?' असं विचारलं तर 'ही माहिती अभिलेखात नाही' असं उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी असं लिहा : 'अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या आणि शेऱ्यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.' कागद मागा, कारण विचारू नका. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा न पटल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाकडे.

परदेशात आहोत, भारतीय मोबाइल क्रमांक नाही. काही करता येतं का?

ओटीपी न लागणाऱ्या गोष्टी होतात. शासन निर्णय, राजपत्र, 'आपली चावडी', रेडी रेकनरचे दर हे सगळं परदेशातून पाहता येतं, मात्र काही सरकारी संकेतस्थळं भारताबाहेरून उघडायला अडखळतात. दाखला किंवा सहीचा सातबारा काढायला भारतीय क्रमांक सुरू ठेवणं हाच सोपा मार्ग. नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देणार असाल, तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत चुकली की नोंदणी कार्यालयात तो कागद अडतो.

आम्ही गोव्यात राहतो. हेच पोर्टल चालेल का?

नाही. गोव्याच्या सेवा 'गोवा ऑनलाइन'वर मिळतात आणि तिथे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, तो भूसर्वेक्षण व भूअभिलेख संचालनालयाचा. मुदतीत सेवा देण्यासाठी गोव्याचा २०१३चा स्वतंत्र कायदा आहे. सिंधुदुर्गात जमीन आणि पेडण्यात घर असेल, तर जमिनीसाठी 'महाभूमी' आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी गोव्याचं पोर्टल, अशी दोन्ही खाती ठेवावी लागतात.